‘यांचे पण दोन वाढवायचे का?’

आमच्या धंद्यात एक रीत आहे, ती आज इथं फोडून टाकते. वाचून माझी अर्धी गिऱ्हाइकं रागावतील, पण रागावू देत. काळेवाडीतल्या बाकीच्या टेलर तरी काय वेगळं करतात?

लेडीज टेलरकडं बाई माप द्यायला उभी राहते, तेव्हा टेलर टेप लावून आकडे मोठ्यानं सांगते आणि दुसरं कुणीतरी ते लिहून घेतं. आता दुकान ते केवढं! पडद्याच्या अलीकडं मशीन, पलीकडं आरसा, आणि बाकड्यावर नंबर लावून बसलेल्या चार बायका. त्यांचे कान कुठं असतात हे मी सांगायला नको. म्हणून छाती आणि कंबर मी नेहमी दोन आकडे कमी सांगते. टेपवर चाळीस आलं की मी म्हणते अडतीस. लिहून घेते माझी मदतनीस शोभा, ती न बोलता चाळीस लिहिते. बाई अडतीस ऐकून खूश होते, ब्लाउज अंगावर नेमका बसतो आणि ती चार मैत्रिणींना सांगते की सुनंदाताईंचा हात फार चांगला आहे.

शिवाय शिवणीच्या आत मी दीड बोट कापड दाबून ठेवते. वर्षभरानं तीच बाई येते, म्हणते, “अगं, हा घट्ट कसा काय झाला?” मी म्हणते, “धुऊन आटला असेल.” तिला खरं ठाऊक असतं, मलाही असतं. उसवून सैल करून दिला की विषय संपला. या धंद्यात हात जितका चालवायचा तितकीच जीभ सांभाळायची, हे मी शिकले आणि त्यावर माझं दुकान उभं राहिलं. आता अशा दुकानात एक खरं बोलणारा माणूस आणून बसवला तर काय होईल, ते मी भोगलंय. आणि तो माणूस माझा नवरा होता.

आम्ही मूळचे लातूरकडचे. लग्नानंतर हे महाळुंग्याच्या एका कंपनीत प्रेस शॉपला लागले. पत्र्याचे पार्ट दाबायच्या मोठ्या मशिनी असतात, त्यांवर डाय, म्हणजे लोखंडी साचे, बसवायचं काम. कामात तर हुशार होतेच, पण त्यांची खरी ख्याती बोलण्याची. शिफ्टमध्ये पोरांची बाचाबाची झाली की सुपरवायझर ह्यांना पुढं करायचा. सोसायटीत पाण्यावरनं भांडण पेटलं की लोक आमचं दार वाजवायचे. हे दोन्ही बाजूंचं ऐकून घ्यायचे आणि असं काहीतरी बोलायचे की दोघांनाही वाटायचं, आपणच जिंकलो. मला तर बाई ते कधीच जमलं नाही. दुकानातलं गोड बोलणं मी ह्यांच्याकडनंच उचललं.

एके दिवशी कंपनीची बस चुकली म्हणून ह्यांनी गाडी काढली. पहिली शिफ्ट करून दुपारी परत येताना वळणावर सांडलेल्या खडीवरनं गाडी घसरली. डोक्यात हेल्मेट होतं, पण पट्टा लावलेला नव्हता. ते घरंगळत एकीकडं गेलं आणि हे एकीकडं.

दवाखान्यातलं सगळं सांगत बसत नाही. ऑपरेशन झालं, कितीतरी दिवस शुद्ध नव्हती. गावाहून मोठे दीर आले, त्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. पिकं रानात सोडून तो माणूस माझ्याबरोबर दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून राहिला. नाशिकला दिलेली आमची लेक महिनाभर येऊन राहिली. मग एक दिवस ह्यांनी डोळे उघडले, पुढं कधीतरी माझं नाव घेतलं, आणि मी देवाला म्हटलं, आता काही मागणार नाही. बोलायला काय जातं! घरी आल्यावर आठवड्याभरात मी मागायला लागले.

डावा हात लुळा होता, चालताना तोल जायचा, सकाळचं दुपारी आठवायचं नाही. याची तयारी डॉक्टरांनी करून घेतली होती. पण दुसरं जे झालं ते समजायला मला वेळ लागला. शेजारच्या काकू वाटीभर शिरा घेऊन आल्या. ह्यांनी एक घास खाल्ला आणि त्यांच्या तोंडावर म्हणाले, “तूप घालायला एवढं जिवावर येत असेल तर करायचा कशाला?” काकू हसल्या, पण वाटी न घेताच गेल्या. कंपनीतले मित्र भेटायला आले, त्यांतल्या एकाला म्हणाले, “तुझा मला पहिल्यापासूनच कंटाळा येतो, राव.” मी चहा घेऊन दारात उभी. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं.

दवाखान्यातल्या थेरपीच्या मॅडमनी समजावून सांगितलं. मेंदूच्या पुढच्या भागाला मार बसलाय. मनात आलं आणि ओठावर आलं, यांच्या मधे थांबायची जी जागा असते ती राहिलेली नाही. “ते मुद्दाम करत नाहीत, ताई. ती जागा सरावानं थोडी थोडी परत तयार होते. किती होईल ते आज सांगता येणार नाही.”

घरी त्यांना एकटं ठेवणं शक्य नव्हतं. गॅस चालू ठेवून विसरायचे. दुकान बंद ठेवलं तर खायचं काय? म्हणून मी त्यांना दुकानात न्यायला लागले. मॅडम म्हणाल्या, चांगलंच आहे, डाव्या हाताला काम द्या. मग मी त्यांना हूक लावायला दिले. टन-टनाच्या डाय बसवणारा माणूस नखाएवढा हूक चिमटीत धरायला धडपडायचा. हूक पडायचे, हे चिडायचे, मी लोहचुंबकानं गोळा करायची. रागानं डबा भिरकावला तरी मी गप्प बसून वेचत राहायची. असं नको तितके महिने चाललं, पण हात वळला. पुढं तर शोभापेक्षा ह्यांचे हूक सरळ रेषेत यायला लागले. शेवटी टूलिंगचा माणूस, वाकडं त्यांना खपत नाही.

जिभेचं मात्र अवघड होतं. लेडीज टेलरकडं पुरुष बसलेला म्हटल्यावर आधीच बायका अवघडतात. मी ह्यांना पडद्याच्या अलीकडं, भिंतीकडं तोंड करून बसवायची. कुणी जांभळ्या ब्लाउजच्या कडेला पोपटी पायपीन मागितली की भिंतीकडनं आवाज यायचा, “शोभायचं न्हाई ते.” मी खोकायची, शोभा मोठ्यानं रेडिओ लावायची. बऱ्याच जणींना आमची परिस्थिती माहीत होती, त्या मनावर घ्यायच्या नाहीत.

आणि मग आली ती नवरीची आई. थोरल्या लेकीचं लग्न, घरातल्या सगळ्या बायकांचे ब्लाउज आमच्याकडं. अस्तराचे, वर्कचे, मोठं काम. नेमकी शोभा गावाला गेलेली. लिहून घ्यायला कुणी नाही, तेव्हा मी ह्यांना आदल्या दिवशी आमची रीत नीट समजावली. मी सांगेन त्यात छाती आणि कंबरेला दोन वाढवून लिहायचं. त्यांनी दोनदा म्हणून दाखवलं. मला वाटलं, झालं काम.

सकाळी अख्खं वऱ्हाड दुकानात. मी पडद्यापलीकडं टेप लावून आकडे सांगतेय, हे अलीकडं लिहितायत. दोन मापं सुरळीत झाली. मग नवरीची आई उभी राहिली. मी म्हटलं, “छाती चाळीस.” अलीकडं पेन्सिल थांबली. मग ह्यांचा खणखणीत आवाज आला.

“सुनंदा, यांचे पण दोन वाढवायचे का? का ह्या जास्त जाड आहेत म्हणून चार?”

बाकड्यावर कुणीतरी फिस्सकन हसलं. नवरीच्या आईनं माझ्याकडं बघितलं. “म्हणजे तुम्ही आजपर्यंत...?” ती म्हणाली. आता तिला समजावणार काय? दुकानातल्या प्रत्येक बाईचा हिशोब एका दमात उघडा पडला होता. तिनं सगळं कापड उचललं, पिशव्या भरल्या आणि सगळ्यांना घेऊन निघून गेली. ह्यांना काही कळलं नाही. “मी बरोबर विचारलं ना?” म्हणाले. मी म्हटलं, “हो, बरोबर विचारलं.” आणि पडद्याआड जाऊन रडले.

आज ते आठवून मी पोट धरून हसते. त्या वेळी हसू येत नव्हतं. गोष्ट वाऱ्यासारखी पसरली. लग्नसराईची कामं दुसरीकडं वळायला लागली. अण्णांच्या कानावर गेलं, त्यांनी फोन केला. “सुनंदा, त्याला हिकडं आण. हितं अंगण हाय, रान हाय, माणसं हायत. तू किती दिवस दोन्हीकडं वढणार?” फोन स्पीकरवर होता. मी काही म्हणायच्या आत हे बोलले, “गावाला न्हाई यायचं. वहिनीला मी नकोसा झालोय. दवाखान्यात पण नाक मुरडत हुती.”

 अण्णा एवढंच म्हणाले, “ठेवतो फोन.”

जाऊबाई दवाखान्यात भेटायला आल्या तेव्हा त्यांनी नाक मुरडलं होतं, हे खरंच होतं. पण म्हणून सांगायचं? ज्या भावानं एवढं केलं त्याला? दोन दिवसांनी अण्णांचा परत फोन आला. मोठा माणूस, राग धरला नव्हता. म्हणाले, “रान मोकळं झालं की मी यतो. त्यानं शांतपणानं, नीट बोलून सांगितलं की मला हितंच बरं हाय, तर मी मुकाट्यानं माघारी जाईन. न्हाईतर मी त्याला घिऊन जाणार. तुझ्या जिवाला बी इसावा पाहिजे.”

मी काही बोलले असते तर सून आडवी आली, असं झालं असतं. आणि खरं सांगू? मी इतकी थकले होते की जाऊ दे घेऊन, असंही एखाद्या संध्याकाळी वाटायचं. पण हूक लावून झालेला ब्लाउज ते उजेडाकडं धरून बघायचे ना, ते बघितलं की वाटायचं, हा माणूस अंगणात खाटेवर बसला की संपला. तिथं त्याला सगळं आयतं मिळेल आणि करायला काही राहणार नाही. त्याला इथंच ठेवायचं तर त्याला नीट बोलता यायला हवं होतं, आणि ते माझ्या हातात नव्हतं.

त्याच दिवसांत मी त्यांना कच्चा टाका घालायला शिकवत होते. महाग कापड असलं की आम्ही आधी हातानं लांब लांब टाके घालतो, अंगावर चढवून बघतो, मग मशीन मारतो. हे म्हणाले, “जे उसवायचंच आहे ते घालायचं कशाला?”

“अंगावर कसं बसतंय ते बघायला. चुकलं तर दोरा ओढला की सुटतं. मशीन मारून मग उसवलं तर कापडाला भोकं पडतात, ती जात नाहीत.”

त्यांनी मान हलवली. आणि माझ्याच तोंडून निघून गेलं, “अहो, बोलण्याचं पण तसंच करा ना. आधी आतल्या आत कच्चं बोला. समोरच्याला कसं बसेल ते बघा. मग पक्कं.”

त्यांनी ‘आधी कच्चं, मग पक्कं’ असं दोनदा म्हणून बघितलं. थेरपीच्या मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, हाच शब्द धरून चला, फक्त सोबत हाताला काहीतरी खूण द्या. म्हणून ठरलं, कुणी काही विचारलं की आधी एक टाका घालायचा, तो ओढून घ्यायचा, मग तोंड उघडायचं.

दुपारी दुकान रिकामं असलं की शोभा गिऱ्हाईक व्हायची. पुढ्यात उभी राहून मुरका मारायची. “दादा, कशी दिसते मी या साडीत?”

हे टाका घालायचे, ओठ हलायचे. “वाईट.”

“अहो दादा!”

“काय करू? कच्च्यात पण वाईटच आलं.”

शोभा हसून हसून खाली बसायची. हे पण हसायचे, आणि ते हसू जुनं होतं, त्यात काही कमी झालेलं नव्हतं. मग मॅडमनी युक्ती दिली, मत द्यायच्या ऐवजी प्रश्न विचारा. “तुम्हाला कसं वाटतंय?” एवढंच. ते बरं जमायला लागलं. जमायचं, परत चुकायचं, थकलेले असले की सगळंच वाहून जायचं. चार दिवस चांगले गेले की पाचव्या दिवशी कुणालातरी दुखवून ठेवायचे आणि मी नव्याने माफी मागत फिरायची.

एका बाईंची मात्र गंमत झाली. निवृत्त मुख्याध्यापिका, कडक. पडदा बाजूला सारून आरशासमोर उभ्या राहून बंद गळा मागत होत्या. ह्यांनी वळून बघितलं, टाका घातला, ओढला आणि तरीही म्हणाले, “मॅडम, तुमची मान आखूड आहे. बंद गळ्यात दिसायची न्हाई.” मी डोळे मिटले. त्या आरशात इकडून तिकडून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “इतकी वर्षं शिवून घेतेय, एकीनंही सांगितलं नाही. खोल गळा करा.” तेव्हापासून त्या आल्या की मला विचारतच नाहीत, “मिस्टर कुठं आहेत?” म्हणतात. आणखी दोघी-तिघी अशाच. खरं ऐकायला येतात. माझ्या नाकावर टिच्चून!

कंपनीत परत जाणं काही झालं नाही. ती रुखरुख आहे. प्रेसवर डाय बसवायची म्हणजे शंभर गोष्टींचं भान एका वेळी लागतं, ते आता राहिलेलं नाही. रस्त्यात कंपनीची बस दिसली की हे थांबतात, आतल्या कुणी हात केला तर हात करतात आणि घरी येईपर्यंत गप्प असतात. पूर्वीचा भांडणं मिटवणारा माणूसही अख्खा परत आला नाही. पण दुकान टिकलं. कामं हळूहळू परतली, आणि आता हुकांसाठी बायका आमच्याकडंच येतात. हे सगळं होणार आहे की नाही, हे मात्र ज्या एका दुपारी ठरलं, तेवढी सांगून थांबते.

अण्णा वल्लभनगर स्टँडवर उतरून थेट दुकानात आले. खांद्यावर पिशवी, पिशवीत ज्वारीचं पीठ आणि जाऊबाईंनी दिलेल्या शेंगा. मी पाणी दिलं, शोभा चहा सांगायला गेली. अण्णा ह्यांच्याजवळ स्टुलावर बसले. इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाले, “तात्या, मी तुला न्यायला आलोय. येतूस का?”

माझा पाय मशीनवर थांबला. काही बोलायचं नाही, खोकायचं नाही, असं मी ठरवलेलं होतं. ह्यांनी हातातला ब्लाउज खाली ठेवला नाही. सुई खुपसली, दोरा ओढला. बोलले नाहीत. परत सुई खुपसली. ओठ हलत होते. अण्णांना वाटलं ऐकू आलं नाही, ते परत विचारायला लागले, मी हातानं थांबा म्हटलं. हे आणखी एक टाका घालत होते.  मला दिसत होतं की वहिनीचं नाक मुरडणं आता येतंय, आलंच.

“अण्णा,” हे म्हणाले, “तुमच्याकडं यायला मला आवडलं असतं.”

ह्यांनी दोरा ओढला आणि पुढं बोलले.

“वहिनी किती करते माझं. शेंगा पाठवल्या तिनं. पण लग्नसराई तोंडावर आलीय. हूक मी लावतो. मी गेलो तर हिला एकटीला झेपायचं न्हाई.” मग थांबून, टाका नसतानाही थांबून, म्हणाले, “तुम्ही एवढ्या लांब आला, रागावू नका.”

अण्णांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. “रागावतो कशाला, येड्या. ऱ्हा हितंच. मी यत जाईन.” आणि तोंड धुतो म्हणून बाहेरच्या नळावर गेले.

मी मशीनवर डोकं टेकलं. काय वाटलं ते सांगता येत नाही. इतके महिने कुणीतरी छातीवर पाय देऊन उभं होतं, ते उतरलं, असं वाटलं. रडू येत होतं आणि मी ते येऊ देत होते. दवाखान्यात डोळे उघडले तेव्हा माझा नवरा वाचला होता. परत आला तो त्या दुपारी.

तेवढ्यात हे खुर्ची सरकवून माझ्याजवळ आले. आधी दाराकडं बघितलं. नळ चालू होता, अण्णांची पाठ आमच्याकडं होती. मग ते वाकले आणि माझ्या कानाशी, अगदी हळू, बाहेर जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, “वहिनी किती करते म्हणालो ना, ते खोटं होतं.”